पाच वर्षांच्या मुलाला एसपीएफ 50चं सनस्क्रीन लावूनही त्वचा का भाजते?

मुलाला सनस्क्रीन लावून पोहायला नेलं, तरी खांदे आणि पावलं लाल झाली. आता एसपीएफ (सनस्क्रीन भाजण्यापासून किती वाचवतं त्याचा आकडा) 100 आणावं का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते नको. आकडा पुरेसा आहे, कमी पडतंय ते प्रमाण.

एसपीएफ तपासताना त्वचेवर दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम इतका थर देतात. घरी आपण बहुतेक वेळा त्याच्या निम्मंही लावत नाही, आणि थर पातळ झाला की 50चे 50 राहत नाहीत. पाच वर्षांच्या मुलाचं सगळं अंग धरलं तर साधारण पाऊण चौरस मीटर, म्हणजे 7500 चौरस सेंटिमीटर. त्याला लागतात 15 ग्रॅम, चहाचे सुमारे 3 चमचे. चड्डीचा भाग सोडला तरी अडीच. म्हणजे 50 ग्रॅमची ट्यूब चार वेळांत संपायला हवी. तुमची महिनाभर पुरत असेल, तर कारण तिथेच सापडलं. उलट 30 आणि 50मधला फरक पाहा: भाजणाऱ्या किरणांपैकी 30मधून साधारण 3 टक्के आत जातात, 50मधून 2.

हा आकडा मुख्यतः यूव्हीबी, म्हणजे त्वचा भाजणाऱ्या अतिनील किरणांपुरता असतो. त्वचेत आणखी खोल जाणाऱ्या यूव्हीए किरणांसाठी वेष्टनावर ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ (दोन्ही किरणांपासून संरक्षण) किंवा ‘पीए’ या यूव्हीए-दर्जापुढची अधिकची (+) चिन्हं बघा; जितकी जास्त तितकं बरं.

उन्हात जायच्या 15-20 मिनिटं आधी, कपडे काढलेले असतानाच लावा आणि मग पोहण्याचे कपडे घाला. नाहीतर कपड्याच्या कडेला लाल रेघ उमटते. एकदम भरपूर ओतलं तर मूल पळतं आणि क्रीम ओघळतं, म्हणून एक थर देऊन थोड्या वेळाने दुसरा द्या. हमखास सुटणाऱ्या जागा म्हणजे कान, मानेची मागची बाजू, केसांचा भांग, गुडघ्यामागची खळगी आणि पावलांची वरची बाजू. झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन नाजूक त्वचेला सहसा कमी झोंबतं. ते पांढरं दिसतं म्हणून लोक नाकं मुरडतात, पण मुलांच्या बाबतीत मला तो गुणच वाटतो: कुठे राहिलं ते लगेच दिसतं. डोळ्यांभोवती सनस्क्रीनची कांडी (स्टिक) वापरा, घामाबरोबर ती कमी ओघळते.

दर दोन तासांनी पुन्हा लावा, शिवाय पाण्यातून बाहेर आल्यावर आणि टॉवेलने पुसल्यावरही. ‘वॉटर रेझिस्टंट’ म्हणजे पाण्यात ठरावीक वेळ टिकणारं (लेबलवर बहुधा 40 किंवा 80 मिनिटं लिहिलेलं असतं), दिवसभराचं नव्हे. आणि पुन्हा लावल्याने आधी बसलेलं ऊन पुसलं जात नाही. त्वचा गुलाबी दिसू लागली की मुलाला सावलीत आणायचं, वर आणखी थर द्यायचा नाही.

खांद्यांसाठी मात्र क्रीमपेक्षा पूर्ण बाह्यांचा, यूपीएफ (कापड किती किरणं अडवतं त्याचा आकडा) 50चा पोहण्याचा टी-शर्ट कधीही चांगला. साधा पातळ सुती टी-शर्ट ओला झाला की त्यातून किरणं जास्त आत येतात. मुलाची सावली त्याच्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हा ऊन सगळ्यात कडक. पोहण्याची वेळच त्याच्या आधी किंवा नंतर ठेवता आली तर बघा. ढग असले म्हणून सूट नाही.

स्प्रे मी मुलांसाठी सुचवत नाही: श्वासाबरोबर आत जातो, वाऱ्यावर उडतो आणि थर किती बसला ते कळत नाही. डास पळवणारं मलम लावायचं असेल तर आधी सनस्क्रीन, ते मुरल्यावर मलम. दोन्ही एकत्र असलेलं उत्पादन घेऊ नका. सनस्क्रीन पुन्हा पुन्हा लावावं लागतं, मलम तितक्या वेळा लावायचं नसतं.

धाकटं भावंड सहा महिन्यांच्या आतलं असेल तर त्याला सनस्क्रीन न लावता सावली, टोपी आणि अंगभर सैल कपडे. आणि ट्यूब तापलेल्या गाडीत ठेवू नका. उष्णतेने क्रीम फाटतं, पाणी वेगळं झालेलं दिसलं की टाकून द्या.