स्वभाव नको, सवय मोज

प्रिय पोरी,

ऑनलाइन चाचणीत तू ‘अंतर्मुख, चिंताग्रस्त’ निघालीस आणि आता विचारतेस, जिल्हा संघाच्या निवड चाचणीला जाऊ की नको. जा. ठाण्याच्या कबड्डीत आवाज करणाऱ्यांची वानवा कधीच नव्हती. कोपऱ्यात, म्हणजे बचावाच्या टोकाला, तुझ्यासारख्या थांबून राहणाऱ्या मुली मिळत नाहीत.

अभ्यास काय म्हणतात ते नीट वाच. वरच्या स्तरावरच्या खेळाडूंमध्ये काटेकोरपणा सरासरीने थोडा जास्त, चिंतेचा कल थोडा कमी आढळतो. सरासरीने, आणि थोडा! एका मुलीच्या गुणांवरून तिचा स्तर ओळखता येत नाही. शिवाय बहुतेक अभ्यासांत खेळाडूला एकदाच मोजतात. स्वभावाने वर नेलं की वरच्या खेळाने स्वभाव घडवला, हे त्यातून कळत नाही. अमेरिकेत १९६०च्या दशकात ओगिल्व्ही आणि टुटको या मानसशास्त्रज्ञांनी खेळाडूंसाठी प्रश्नावली बनवली, संघांनी वापरलीही. पण तिच्यावरून यश आधी सांगता येतं, हे सिद्ध झालं नाही. तरी स्वभावाचे असले आलेख बघून मुली निवडतात, याचा मला संताप येतो.

स्वभाव नको, सवय मोज.

तू चढाईपटूच्या हातांकडे बघतेस. हात फसवतात, मग तू लवकर झेपावतेस आणि पकड सुटते. कमरेकडे बघ. वजन आलेला पाय तिला पटकन मागे घेता येत नाही; त्याच पायाचा घोटा धर. दर सरावात अशा २० पकडी कर आणि वहीत तीन आकडे लिही: किती टिकल्या, किती वेळा घाई झाली, किती वेळा तुझ्या शेजारची मध्यरक्षक आधाराला पोचली. तिसरा आकडा कमी असेल तर दोष हाकेचा. बडबडी हो असं म्हणत नाही मी. ‘थांब’, ‘आत’, ‘घे’ एवढे तीन शब्द तिच्याशी ठरव.

भीतीचंही तेच. बाद होऊन परत आत आलीस की पहिल्याच चढाईवर झडप घालू नकोस. साखळीतल्या शेजारणीचा हात धर, श्वास लांब सोड. समोरच्यांच्या दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसरीत गुण आणणं त्यांना भाग असतं; त्यांची चढाईपटू तुझ्या टप्प्यात येणारच. तोवर थांबता येणं ही सवय आहे, पोरी. ती मोज, किती वेळा सांगू?

मला हट्टी म्हणतात. शांत मुलींना ‘स्वभावच नाही’ म्हणून घरी पाठवणाऱ्यांपुढे हट्टच लागतो.

ऐरोलीहून कळव्याला येशील तेव्हा दोन आठवड्यांच्या नोंदी आण, आणि तुझी मध्यरक्षकही. सराव दोघींचा घ्यायचा आहे.