भाषांची विविधता आणि निसर्गाची विविधता यांचा खरंच काही संबंध असतो का?

हो, असतो. जगाच्या नकाशावर तो सहज दिसतो. जिथे वनस्पती-प्राण्यांच्या जाती सर्वाधिक, तिथेच भाषाही दाटीने आढळतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार जगातल्या सुमारे ७० टक्के भाषा जैवविविधतेने समृद्ध प्रदेशांत बोलल्या जातात. एकट्या पापुआ न्यू गिनीत ८०० हून अधिक भाषा आहेत.

असं का, यावर एकमत नाही. मला पटणारं एक स्पष्टीकरण असं: विषुववृत्ताजवळ वर्षभर काही ना काही पिकतं, त्यामुळे लहान समाजही दूरच्या लोकांवर फारसे अवलंबून न राहता जगू शकतात आणि त्यांची भाषा वेगळी टिकते. उलट, पावसाचे महिने मोजकेच असतील तर दुष्काळात मदतीसाठी दूरवर संबंध ठेवावे लागतात, मग एकच भाषा मोठ्या भागात पसरते. डोंगरदऱ्यांचाही वाटा आहेच.

पण खरी चिंतेची बाब वेगळी आहे. २०२१ मध्ये उत्तर अमेरिका, वायव्य अ‍ॅमेझॉन आणि न्यू गिनी इथल्या आदिवासी भाषांमधलं औषधी वनस्पतींचं ज्ञान तपासलं गेलं. त्यातले ७५ टक्क्यांहून अधिक उपयोग फक्त एकाच भाषेच्या लोकांना माहीत होते! म्हणजे ती भाषा नाहीशी झाली, तर वनस्पती जंगलात शाबूत असूनही तिचा उपयोग कायमचा हरवू शकतो. म्हणूनच केवळ अभयारण्यं घोषित करणं मला अपुरं वाटतं. तिथल्या मुलांना स्वतःच्या भाषेत शिकता येणं हेही संवर्धनाचंच काम आहे.