पुळण कुठे गेली?

प्रश्न : माझं आजोळ केळशीचं. 1970 च्या दशकात वार्षिक परीक्षा संपली की आम्ही मावस-मामेभावंडं मुंबईहून एसटीने तिथे उतरायचो, ते शाळा उघडेपर्यंत. पोफळीच्या वाडीतून बाहेर पडलं की समुद्रकाठच्या वाळूची लांबरुंद पुळण. दुपारी पाण्यापर्यंत पोचेस्तोवर तळवे भाजायचे. गेल्या ऑगस्टमध्ये नातवंडांना घेऊन गेले, तर लाटा थेट वाडीच्या दगडी गडग्याशी. पोफळी तर निसर्ग वादळातच गेल्या. आता मामेभाऊ म्हणतो, सगळ्यांनी पैसे काढून समुद्राच्या बाजूने दगडी बांध घालू, नाहीतर उरलेली वाडीही जाईल. काय करावं? आणि आमची ती पुळण परत दिसेल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, तुम्ही लहानपणी केळशी पाहिलीत ती मे महिन्यात, आणि आता गेलात ऐन पावसाळ्यात. आषाढ-श्रावणातल्या उंच लाटा पुळणीवरची वाळू ओढून आत नेतात आणि पाण्याखाली तिचा दांडा घालतात. पाऊस सरला, लाटा लहान झाल्या की तीच वाळू हळूहळू परत येते आणि वैशाखापर्यंत पुळण भरते. म्हणून तुम्हाला दिसलेला काही फरक ऋतूचा आहे. सगळा मात्र नाही. मी अंजर्ल्याची, नोकरीभर दापोलीत वनस्पतिशास्त्र शिकवलं. वैशाखातसुद्धा पूर्वीसारख्या न भरणाऱ्या जागा मी या किनाऱ्यावर पाहते आहे.

वाडीचा गडगा आणि पुळण यांच्यामध्ये वाळूच्या ठेंगण्या टेकड्या असायच्या, आठवतात? त्यांच्यावर मर्यादवेल पसरलेली असे, आपट्यासारख्या पानांची, जांभळट गुलाबी फुलांची. शेजारीच रावणाच्या मिशा नावाचं गवत. त्याचे काटेरी गोळे वाऱ्याबरोबर पुळणभर पळायचे आणि मुलं त्यांच्यामागे. किनाऱ्याची शिल्लक या टेकड्यांत असते. उधाणाची लाट आधी टेकडीतली वाळू खाते, वाडीपर्यंत येतच नाही. मग कोरड्या दिवसांत वारा वाळू उडवत आणतो, मर्यादवेल पेरापेराला मुळं सोडून ती अडवते आणि टेकडी पुन्हा वाढते.

त्या टेकड्या आपणच सपाट केल्या. कुठे रस्त्यासाठी, कुठे गाड्या लावायला, कुठे जोत्यात भराव म्हणून, तर कुठे सुरूच्या लागवडीसाठी. सुरू मूळचा ऑस्ट्रेलियाकडचा. त्याच्या सुयांचा थर साचला की खाली मर्यादवेल टिकत नाही. त्यातच खाड्यांतून वाळूचा उपसा, म्हणजे वरून येणारी भरही तुटली. तुमच्या केळशीत खाडीजवळ वाळूची ती उंच टेकडी आहे ना, डेक्कन कॉलेजच्या अशोक मराठे यांनी तिचा अभ्यास करून ती त्सुनामीने आणलेली असावी असं मांडलं होतं. 1524 मध्ये दाभोळजवळ वास्को द गामाच्या जहाजांखाली समुद्र अचानक खवळल्याची नोंद आहे, तिच्याशी त्यांनी हा दुवा जोडला. असा ठेवाही आपण धड राखला नाही, याचा मला फार राग येतो.

आता बांधाचं. ताई, बांध घालू नका. लाट दगडावर आपटून मागे फिरते ती पायथ्याची वाळू घेऊनच. पुढची पुळण खचत जाते, मग बांधाचा पाया उघडा पडतो आणि दगड ढासळतात. शिवाय बांध जिथे संपतो तिथून शेजाऱ्याची वाडी कातरली जाते; आज तुम्ही घातलात तर उद्या त्याला घालावा लागेल. भरतीरेषेलगत बांधकामाला सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांखालची, परवानगीही लागते. घर अगदी कड्यावर आलं असेल तर गोष्ट वेगळी, पण तुमच्यापुढे अजून जागा आहे.

पैसे आणि हात दुसरीकडे लावा. दिवाळीनंतर गडग्यापुढे माडाच्या झापांचं गुडघाभर उंचीचं विरळ कुंपण घाला, वाऱ्याने येणारी वाळू त्याच्या आडोशाला साठते. पहिला पाऊस पडला की मर्यादवेलीचे पेरांसकट तुकडे उधाणरेषेच्या वर पुरा. आतल्या बाजूला केवडा आणि उंडी. पाण्याकडे जायला एकच पायवाट ठेवा, वेल तुडवली गेली की सगळी मेहनत वाया. शेजारच्या वाड्यांनाही बरोबर घ्या, एकट्या वाडीपुढची टेकडी फार टिकत नाही. निसर्ग वादळात, 3 जून 2020 ला, गेलेल्या पोफळींच्या जागी नवी रोपं लावली नसतील तर तीही लावा. धरायला बरीच वर्षं लागतात, म्हणून लवकर.

तुमच्या आठवणीतली पुळण तेवढ्याच रुंदीची मिळेल असं मी म्हणणार नाही, कारण समुद्राची पातळीही वाढते आहे. पण टेकडी उभी राहिली तर वाडी राहील, आणि उन्हाळ्यात मुलांना पळायला जागाही राहील.

नातवंडांना पुढच्या खेपेला फेब्रुवारी-मार्चमध्ये न्या. उत्तरेला वेळासला 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांसोबत समुद्री कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. अंडी उबून निघालेली पिल्लं सकाळ-संध्याकाळ समुद्रात सोडतात. कासवीण अंडी घालते ती भरतीच्या वरच्या कोरड्या वाळूत, म्हणजे आपण सपाट करतो त्याच पट्ट्यात. हे मुलांना तिथे उभं राहून सांगा. आणि गाडी रस्त्यावरच लावा, कुणी कितीही म्हटलं तरी पुळणीवर उतरवू नका.