वाचकांचे प्रश्न : खुन्यांच्या गोष्टींची ओढ

प्रश्न : सिरियल किलरवरचं पॉडकास्ट लावल्याशिवाय मला झोप लागत नाही. एरवी रक्ताचा थेंब दिसला तरी चक्कर येते. माझ्यात काही विकृती आहे का?

उत्तर : नाही. धोका लांबून निरखायची ओढ कमी-अधिक प्रमाणात जवळपास सगळ्यांनाच असते. अपघात झालेल्या ठिकाणी वाहनं हळू होतात, ती काही फक्त काळजीपोटी नाही. कोल्टन स्क्रिव्हनर या संशोधकाने ही ओढ मोजण्यासाठी २४ विधानांची प्रश्नावली केली. तिच्यात चार कप्पे पडतात : धोकादायक माणसांचं मन, प्रत्यक्ष हिंसा, शरीराची चिरफाड आणि भुताखेतांचं भय. एखाद्या कप्प्यात वरचे गुण मिळवणारी व्यक्ती दुसऱ्यात तळाला असू शकते. तुमची आवड बहुधा पहिल्या कप्प्यातली आहे. त्यामुळे रक्ताची चक्कर आणि ही आवड सुखाने एकत्र नांदतात.

झोप लागते ती मात्र खुनामुळे नव्हे. आवाज एकच, संथ असतो. साचा ठरलेला असतो : माणूस नाहीसा होतो, शोध लागतो, अटक होते. आपल्या स्वतःच्या काळज्यांना असा शेवट नसतो. गोष्टीतल्या काळजीला असतो.

बिघडतं कुठे? एका भागामागून दुसरा आपोआप सुरू होतो आणि अर्ध्या झोपेत कानावर किंकाळी येते. उकल न झालेलं प्रकरण असेल तर मन रात्रभर गाठ सोडवत बसतं. पोलिसांना आलेल्या खऱ्या फोनची ध्वनिमुद्रणं सगळ्यात वाईट, कारण ती भीती अभिनयाची नसते. म्हणून तीस मिनिटांचा स्लीप टायमर लावा, ऑटोप्ले बंद ठेवा, आधी ऐकलेला आणि आरोपी पकडला गेलेलाच भाग निवडा. नवा भाग दिवसा ऐका. एवढं करूनही दोन-तीन आठवडे मध्यरात्री दचकून जाग येत राहिली, तर रात्रीचं ऐकणं थांबवा. तरीही झोप सुधारली नाही तर डॉक्टरांना भेटा.

प्रश्न : आमच्या गटात हे सगळं आवडीने वाचणाऱ्या बायकाच जास्त आहेत. असं का? आणि त्यातून सावध राहायला खरंच शिकता येतं का?

उत्तर : तुमचं निरीक्षण बरोबर आहे. अमांडा व्हिकरी आणि क्रिस फ्रेली यांनी २०१० मध्ये याचाच अभ्यास केला. खऱ्या गुन्ह्यांवरच्या पुस्तकांकडे पुरुषांपेक्षा स्त्रिया जास्त ओढल्या जातात, आणि बळी ठरू पाहणारी व्यक्ती युक्तीने कशी निसटली हे ज्यात असेल त्या पुस्तकाकडे विशेष, असं त्यांना आढळलं. म्हणजे ही एक प्रकारची तालीम आहे.

पण ही तालीम चुकीच्या शत्रूविरुद्ध होते. सिरियल किलरने केलेले खून हा एकूण खुनांचा अगदी छोटा हिस्सा. अमेरिकेत एफबीआयच्या अंदाजाने वर्षाला एक टक्क्याहूनही कमी. उलट संयुक्त राष्ट्रांचा २०२३ चा जागतिक अंदाज पाहा : हेतुपुरस्सर मारल्या गेलेल्या सुमारे ८५ हजार स्त्रिया आणि मुलींपैकी जवळपास ६० टक्के जणींचा जीव जोडीदाराने किंवा नातेवाइकाने घेतला. गोष्टी मात्र अंधाऱ्या रस्त्यावरच्या अनोळखी माणसाच्याच जास्त सांगितल्या जातात. जे उदाहरण चटकन आठवतं ते वारंवार घडत असणार, असं मन धरून चालतं. ट्व्हर्स्की आणि काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये मांडलेला हा नियम इथे तंतोतंत लागू पडतो. परिणामी दाराची कडी तीनदा तपासली जाते आणि गळा दाबणाऱ्या नवऱ्याबद्दल ‘रागीट आहे जरा’ एवढंच म्हटलं जातं. शिकायचंच असेल तर त्या खुणा शिका : सतत पाळत, पैसे आणि फोन ताब्यात घेणं, माणसांपासून तोडणं, मारून टाकण्याची धमकी, गळा दाबणं. शेवटची खूण एकदा दिसली तरी ती गंभीर समजा. सोडून जाताना आणि गेल्यावर लगेचचा काळ धोका वाढवणारा असतो, तेव्हा निघण्याचा बेत आधी कुणाला तरी सांगून, मदत ठरवून करावा.

प्रश्न : हे सिरियल किलर खरोखर एवढे हुशार असतात का?

उत्तर : क्वचित. डेनिस रेडरने १९७४ ते १९९१ या काळात अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये दहा जणांचा जीव घेतला. फ्लॉपीवरून (संगणकाच्या जुन्या डिस्कवरून) माग लागेल का, असं त्याने चक्क पोलिसांनाच विचारलं, ‘नाही’ या उत्तरावर विश्वास ठेवून ती पाठवली आणि फ्लॉपीत उरलेल्या माहितीमुळे २००५ मध्ये सापडला. हॅरॉल्ड शिपमन या ब्रिटिश डॉक्टरला २००० मध्ये १५ खुनांबद्दल शिक्षा झाली. पुढच्या चौकशीत त्याचे २१५ बळी निश्चित झाले. इतकी वर्षं तो निभावला तो बुद्धीच्या नव्हे, डॉक्टरवरच्या विश्वासाच्या जोरावर. वृद्ध रुग्ण गेला की कुणी खोलात जात नव्हतं. पण ‘यंत्रणा गाफील होती’ या गोष्टीपेक्षा ‘राक्षसी मेंदू होता’ ही गोष्ट जास्त खपते.

प्रश्न : चौदा वर्षांच्या मुलाला डझनभर खुन्यांची नावं-गावं पाठ आहेत. बंदी घालू का?

उत्तर : नुसती माहिती पाठ असणं हे काळजीचं लक्षण नाही. या वयात डायनासोरांच्या जागी दुसरं काहीतरी येतंच. बंदीने तेच चोरून, जास्त भडक रूपात पाहिलं जातं. एक भाग त्याच्यासोबत बसून बघा आणि मारल्या गेलेल्यांपैकी कुणाचं नाव, काम, घरची माणसं त्याला सांगता येतात का ते विचारा. बहुधा येणार नाहीत, कारण कार्यक्रमच त्यांना वगळतात. तो थबकला, पुढे शोधू लागला, तर चिंता नको. बळींची टिंगल, खुन्याचं कौतुक, स्वतः कुणाला इजा करण्याच्या कल्पना लिहिणं-रेखाटणं, प्राण्यांना त्रास देणं, मित्र तुटणं यांतलं काही सोबत दिसलं, तर मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घ्या. प्राण्याला इजा केली असेल तर बाकीच्या खुणांची वाट पाहू नका.