खान्देशातली टाइम ट्रॅव्हल लव्हस्टोरी लिहायचीय ना, मग पोरीला डिसेंबर 1936 च्या फैजपूरला पाठवा

तुम्ही विचारलंय की सोळा-सतरा वर्षांच्या पोरापोरीची, भूतकाळात घडणारी टाइम ट्रॅव्हल लव्हस्टोरी लिहायचीय, खान्देशातच घडवायचीय, आणि पाटणादेवीचे गणिती भास्कराचार्य घेऊ का खान्देशावर राज्य करणाऱ्या फारुकी सुलतानांचा काळ घेऊ यात गाडी अडकलीय. मी यावल तालुक्यातला आहे त्यामुळे थोडा पक्षपात होईल तो धरून चाला, पण माझं स्पष्ट मत आहे की दोन्ही नका घेऊ.

पाटणला 1207 चा शिलालेख आहे, भास्कराचार्यांच्या नातवानं काढलेल्या मठाचा, वाचायला भारी वाटतं, पण तुमची हिरॉईन तिथे उतरली की पहिल्या मिनिटाला भाषेत अडकणार. तेव्हाची मराठी आपल्याला निम्मी कळणार नाही आणि प्रेमात पडायचं तर दोघांना बोलता तरी आलं पाहिजे ना. वर तेव्हा मिरचीच नव्हती आपल्याकडे, ती पोर्तुगीजांमुळे नंतर आली, म्हणजे जळगावची पोरगी दोन दिवसांत जेवणावरूनच परत पळेल. फारुकींचं म्हणाल तर अकबरानं 1601 मध्ये असीरगड घेतला आणि ते राज्य संपलं, त्या वेढ्यात थरार भरपूर आहे, पण छावणीच्या आसपास सोळा वर्षांची अनोळखी पोरगी सापडली तर पुढे जे होईल ते टीनएजरांच्या पुस्तकात लिहिता यायचं नाही.

आता फैजपूर. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, डिसेंबर 1936 चा शेवटचा आठवडा, अध्यक्ष नेहरू, गांधीजी स्वतः हजर, आणि शांतिनिकेतनहून चित्रकार नंदलाल बोस येऊन बांबू, चटया असल्या गावातल्याच सामानातून अख्खं टिळकनगर, म्हणजे अधिवेशनापुरतं उभारलेलं गाव, सजवून गेले. साने गुरुजी गावोगाव फिरून लोकांना तयार करत होते. मुंबईहून पायी ज्योत आणली होती. तुम्हाला लेखक म्हणून यात काय मिळतं बघा, एक असं गाव जे महिन्यापूर्वी नव्हतं आणि महिन्यानंतर नसणार, आणि तिथे सगळेच बाहेरचे. एरवी आमच्याकडे कुठल्याही गावात अनोळखी पोरगी शिरली की पाराजवळच तिला विचारतील कोणाची गं तू, कोणाकडे आलीस, आणि तुमची गोष्ट पान तीनवर संपली. टिळकनगरात कोणी विचारणार नाही. खादीची साडी नेसवली, हातात पाण्याची बादली दिली की ती स्वयंसेविका.

टाइम मशीन वगैरे भानगड नको. आजच्या काळात लग्नाच्या मांडवाची कमान, डीजे चालू, ती कंटाळून बाहेर पडते आणि पलीकडे निघते ती बांबूच्या कमानीतून. परत यायची वाट पण तीच कमान, आणि अधिवेशन संपलं की कमान मोडणार. म्हणजे उलटी गिनती आपोआप मिळाली, व्हिलन शोधायची पण गरज नाही. फोनची बॅटरी मात्र पहिल्याच प्रकरणात संपवा, नाहीतर वाचक सारखं विचारेल नेहरूंचा फोटो का नाही काढला.

पोरगी आजची आणि पोरगा तेव्हाचा ठेवा, उलटं करू नका, याला कारण आहे. शारदा कायदा 1930 पासून लागू होता आणि त्यात मुलीच्या लग्नाचं किमान वय फक्त 14 होतं, मुलाचं 18. म्हणजे तेव्हाची सोळा वर्षांची पोरगी खेड्यात बिनलग्नाची दाखवायची तर चार पानं खुलासा द्यावा लागेल, सतरा वर्षांच्या पोराला काहीच द्यावा लागत नाही. तो अमळनेरचा विद्यार्थी करा, साने गुरुजी तिथे 1930 पर्यंत शिक्षक होते, त्यामुळे त्याच्या मोठ्या भावाला त्यांनी शिकवलेलं असू शकतं आणि हा त्या ज्योतीबरोबर शेवटच्या टप्प्यात धावत आलाय असं करता येईल. आणि रात्रीचा एक सीन शेतात ठेवाच, थंडी, काड्याकुड्यांवर वांगी भाजताहेत, मोटेची विहीर बाजूला (ठिबकवरच्या केळीच्या बागा घालू नका, ठिबक फार नंतरचं), भरीत खाता खाता तो तिला विचारतो की इंग्रज जाणार का. आता ती काय सांगणार? तिला तर 15 ऑगस्टची सुट्टी माहितीये.

पण खरी मेख पुढे आहे. नंदुरबारचा शिरीषकुमार मेहता, 28 डिसेंबर 1926 चा जन्म. म्हणजे फैजपूरला अधिवेशन चालू आहे आणि तिकडे नंदुरबारमध्ये तो बरोबर दहा वर्षांचा होतोय. 9 सप्टेंबर 1942 ला मिरवणुकीत झेंडा हातात घेऊन तो गोळीबारात गेला, त्याच्यासोबत आणखी चार पोरं. तुमच्या हिरॉईनला हे शाळेत शिकवलंय. मग ती त्या पोराला सांगेल का? सांगितलं तर दोघं सावद्याहून रेल्वेनं भुसावळ, जळगाव, अमळनेर करत नंदुरबारला निघतील, खिशात आजची दहाची नाणी जी तिथे कोणी घेणार नाही, विनातिकीट, आणि इकडे कमान सोडवायला माणसं लागलीत. हा तुमचा ॲडव्हेंचर. आणि दहा वर्षांच्या पोराला काय सांगणार, सहा वर्षांनी घरी बस म्हणून? तो ऐकेल असं मला तरी वाटत नाही, तुम्ही ऐकवलंत तर मात्र मला पुस्तक आवडणार नाही.

ती परत आल्यावर तो पोरगा शंभरी पार आजोबा होऊन भेटला, हातात जुनं पत्र, असला शेवट प्लीज नको, सगळे तेच करतात. 1942 ला तो तेवीसचा असेल आणि त्याला तारीख माहिती असेल, त्या दिवशी तो नंदुरबारात कुठे उभा होता तेवढं दाखवा, पुरे.

बहिणाबाईंना पण मध्ये आणायचा मोह होईल, तेव्हा त्या जळगावात होत्या, छपन्न वर्षांच्या, कविता बाहेर कोणाला माहीत नव्हत्या. टाळा. एवढी मोठी माणसं एका आठवड्यात भेटायला लागली की सहलीचा अल्बम होतो.

आणि हो, फैजपूर-सावद्याच्या माणसांच्या तोंडी अहिराणी घालू नका, पुण्याचे लेखक नेहमी घालतात. आमच्याकडे लेवा बोली. अमळनेरचा पोरगा मात्र बिनधास्त अहिराणी बोलू द्या, ती बादली घेऊन चालली असताना मागून त्याचं ‘काय करी राहिनी तू?’ आणि तिला निम्मंच कळतं, तिथून त्यांची पहिली भांडणं सुरू करा. ड्राफ्ट झाला की संवाद दोन्हीकडच्या एकेका म्हातारीला वाचून दाखवा, त्या शिव्या देत देत दुरुस्त करून देतील.