कोळसा, प्लॅस्टिक आणि गणिताचा कंटाळा

पत्र : मी वणीजवळ कोळसा खाणीत नोकरीला आहे. मुलगी बारावी सायन्सला. कोळसा आणि टाकाऊ प्लॅस्टिक एकत्र करून द्रव इंधन बनवतात असा व्हिडिओ पाहिल्यापासून 'हेच शिकायचं' म्हणते. केमिस्ट्री आवडते, गणिताचा कंटाळा. यात नोकरी आहे का? कोर्स कोणता?

उत्तर : नमस्कार. कोळसा आणि प्लॅस्टिकपासून इंधन, अशा नावाची पदवी शोधत बसू नका. विषय मात्र खरा आहे. कोळशाचं तेल करायचं तर त्यात हायड्रोजन घालावा लागतो. जर्मनीच्या फ्रीडरिख बेर्गिउस यांनी 1913 मध्ये ती वाट दाखवली, 1931 चं नोबेलही मिळवलं. पण हा हायड्रोजनच महाग पडतो. पॉलिथिलीनमध्ये, म्हणजे पिशव्यांच्या प्लॅस्टिकमध्ये, एका कार्बनमागे दोन हायड्रोजन, कोळशात सरासरी एकही नाही. मग थोडा प्लॅस्टिककडून घ्यावा, ही कल्पना. ती सहजी जमत नाही. कोळसा 400 अंश सेल्सिअसच्या आसपास विरघळू लागतो, पॉलिथिलीन मोडायला त्याहून जास्त उष्णता लागते. कचऱ्यात पीव्हीसी (पाइपांचं, क्लोरीन असलेलं प्लॅस्टिक) आलं की आम्ल तयार होऊन यंत्रं गंजतात. शिवाय आपल्या कोळशातली राख! ती तुम्हाला मी काय सांगावी?

चीनमध्ये ऑर्डोसला कोळशापासून थेट तेल काढणारा कारखाना 2008 मध्ये सुरू झाला. प्लॅस्टिक मिसळण्याचं काम अजून बहुतांशी प्रयोगशाळेतच आहे. त्यामुळे नेमक्या याच कामाच्या नोकऱ्या मोजक्या. रिफायनरी, पेट्रोकेमिकल, पॉलिमर, कोळशाचं गॅसिफिकेशन (कोळशापासून वायू बनवणं) इथे मात्र हेच ज्ञान चालतं, आणि त्यासाठी केमिकल इंजिनिअरिंग. नागपूरची एलआयटी (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, 1942 पासूनची), मुंबईची आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) इथे तो कोर्स आहे. नागपूरच्याच व्हीएनआयटीला जेईई लागते.

आता तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात ती गोष्ट. केमिकल इंजिनिअरिंगमध्ये केमिस्ट्री कमी आणि गणित, फिजिक्स जास्त असतं. उष्णता किती, प्रवाह किती, टाकीत काय आलं नि काय गेलं, याचेच हिशेब चार वर्षं. केमिस्ट्री आवडते म्हणून आलेली मुलं दुसऱ्या वर्षी इथेच अडकतात. कंटाळा शिकवण्याचा असेल तर शिक्षक बदलून बघा. मुळातच नावड असेल तर बीएस्सी, एमएस्सी केमिस्ट्री आणि पुढे उत्प्रेरकांवर (रासायनिक क्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थांवर) पीएचडी. पुण्याची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा), डेहराडूनची आयआयपी (भारतीय पेट्रोलियम संस्था) तिथे असं काम चालतं. रस्ता लांबचा, पण तिला हव्या त्या विषयाच्या जास्त जवळ जाणारा. सीईटी पीसीएम गटातून देऊ द्या, निर्णय निकालानंतर करा.

आणि डब्यात प्लॅस्टिक तापवून घरी पेट्रोल काढायचे व्हिडिओही फिरतात. तो प्रयोग तिला अजिबात करू देऊ नका. ती वाफ पेट घेते.