खालची अक्कलदाढ काढताना नस दुखावून ओठ कायमचा बधिर होतो का?

होऊ शकतो, पण कायमचा बधिरपणा राहण्याचं प्रमाण साधारण १ टक्क्याहूनही कमी आहे, तात्पुरता त्यापेक्षा जास्त जणांना होतो आणि तो बहुतेक वेळा काही आठवडे ते काही महिन्यांत जातो. कारण असं की खालच्या जबड्याच्या हाडातून एक नळी जाते, त्यात ओठ, हनुवटी आणि खालच्या दातांची संवेदना नेणारी नस असते, आणि काहींच्या दाढेची मुळं तिला अगदी चिकटून असतात, मग दाढ हलवताना ती दाबली जाते. दुसरी नस जिभेची, दाढेच्या आतल्या बाजूने जाते, ती दुखावली तर त्या बाजूची जीभ बधिर होते, चवही कमी लागते. (तोंड वाकडं होईल ही भीती सोडा, चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस वेगळी.) ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेमध्ये मुळं नळीवर आलेली दिसली तर सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन करतात, खरंच चिकटलेली असतील आणि दाढ किडलेली नसेल तर मुळं तशीच ठेवून फक्त वरचा भाग काढायचा, म्हणजे कोरोनेक्टॉमी, हा पर्याय असतो, तो आधीच विचारून घ्या. फक्त वरचा आकडा सरसकट आहे, वय जास्त किंवा दाढ खोल, आडवी असेल तर रिस्क वाढते. आणि इंजेक्शनचा बधिरपणा काही तासांत उतरतो, दुसऱ्या दिवशीही ओठ सुन्न वाटला तर थांबू नका, डॉक्टरांना लगेच कळवा.